सुलतानाच्या घरचं सुतक

सौदीहून परत येऊन आता पाच महिने झाले. आटपाडीत अजूनही कुणी भेटलं की दोनच प्रश्न येतात: तिकडे सोनं स्वस्त आहे का, आणि बुरखा घालावा लागला का? सोन्याचं उत्तर आमच्या गावाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, कारण इथली कितीतरी घरं गलाईच्या कामावर, म्हणजे सोनं-चांदी गाळण्यावर, देशभर पोट भरतात. बुरख्याचं उत्तर 'नाही'. साडीवर लेकीचा एक लांब, सैल कोट चढवला आणि महिनाभर त्यातच हिंडले. कुणी वळूनही बघितलं नाही. यापुढचं कुणी विचारत नाही. मला सांगायचंय ते यापुढचंच आहे.

मी चौतीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या ताटातली कोशिंबीर. मुलं ती शेवटी, जमलं तर खातात. मला मात्र तो विषय मनापासून आवडायचा. लोकशाही, राजेशाही, घटनात्मक राजेशाही, एकेक व्याख्या मी मुलांकडून दहा-दहा वेळा वदवून घ्यायची. 'घटनात्मक राजेशाहीत राजा नामधारी असतो आणि खरी सत्ता लोकांनी निवडलेल्या मंत्रिमंडळाकडे असते.' हे वाक्य माझ्या वर्गातला ढ मुलगाही झोपेतून उठवलं तर म्हणून दाखवील. या प्रवासात ते माझ्याच अंगाशी आलं.

रियाध

माझी लेक मृणाल आणि जावई मिलिंद दोघंही रियाधमध्ये बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामात आहेत. सकाळी सातला दोघं बाहेर, नात इरा शाळेत. ती संध्याकाळी आली की मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा संवाद. मधले आठ तास घरात मी, एसी आणि खिडकीबाहेरचा पांढुरका रस्ता. दर दुकानात राजांची तसबीर, रस्त्यावर राजांच्या नावाच्या पाट्या. मी एकदा भाजीच्या दुकानात त्यावर काहीतरी टिपणी करायला गेले, तर मृणालने माझा दंड असा दाबला, की पुढे महिनाभर मी राजकारण हा विषय दाराबाहेर काढलाच नाही.

चौथ्या दिवशी शेजारच्या दारातून नूराइनी आली. पन्नाशीची, बुटकी, हसऱ्या चेहऱ्याची मलेशियन नर्स. एकोणीस वर्षं इथल्या इस्पितळात नोकरी. तिच्या मागे तिची आई उभी होती, हातात झाकलेला वाडगा घेऊन. एक्याऐंशी वर्षांची, पण ताठ. 'माक' म्हणजे त्यांच्या भाषेत आई, आणि सगळेच तिला माक म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले.

वयाने मोठी बाई दारात आलेली बघून मी आपल्या रीतीने हात जोडले, चांगले कपाळापर्यंत नेले आणि वाकले. माक दोन पावलं मागे सरकली. वाडगा नूराइनीच्या हातात देऊन तिने घाईघाईने माझे जोडलेले हात सोडवले, आपल्या दोन्ही हातांत घेतले आणि मग स्वतःचे हात छातीला लावले. मला वाटलं, धर्माची काही अडचण असेल. नूराइनीने हसून उलगडा केला. त्यांच्याकडे हात जोडून कपाळापर्यंत फक्त सुलतानासमोर नेतात. दुसऱ्या कुणासमोर नेले तर तो सुलतानाचा अपमान आणि त्या दुसऱ्या माणसाला मोठा संकोच. मी म्हटलं, आमच्याकडे आम्ही पोस्टमनलासुद्धा करतो. ते भाषांतर ऐकून माक विचारात पडली. आम्ही राजे घालवले आणि त्यांच्या वाट्याचा नमस्कार सगळ्यांत वाटून टाकला, असं मलाही त्या दिवशी पहिल्यांदाच सुचलं.

वाडग्यात नारळाच्या दुधात शिजवलेला भात आणि त्याच्यावर लाल चटणी. तिला ते सांबल म्हणतात. मी घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ठेचा नेऊन मी परतफेड केली, तेव्हा माकच्या डोळ्यांतून आलं. तिथून आमची गट्टी जमली. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर ती मला 'चिकगू' म्हणू लागली. त्यांच्याकडे शिक्षकाला तसं म्हणतात आणि फार मानतात. बोलणं सगळं नूराइनीच्या तोंडून, माझ्या शाळामास्तरी इंग्रजीत.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं मी तिसऱ्याच भेटीत केलं. मलेशियात नऊ सुलतान आहेत आणि दर पाच वर्षांनी त्यांच्यातला एक देशाचा राजा होतो, पाळीपाळीने, हे ऐकून मी अगदी हरखून गेले. पुस्तकात एका ओळीचं असलेलं प्रकरण समोर चहा पीत बसलं होतं. इंग्रज गेले, निवडणुका आल्या, मंत्री आले आणि राजेही राहिले. मी उत्साहाने म्हटलं, म्हणजे तुमचे सुलतान नामधारी. मंत्री सांगतील तिथे सही करणार. नूराइनीने त्याचं भाषांतर केलं. माकने कप खाली ठेवला, उठली आणि आत गेली.

मग नूराइनीने मला अझहरबद्दल सांगितलं. अझहर तिचा धाकटा भाऊ. सतरा वर्षांचा असताना गावच्या धक्क्यावर मारामारी झाली, त्यात अझहरच्या हातून एक जण मेला. वय कमी म्हणून फाशी नाही. त्याऐवजी न्यायाधीशांनी शिक्षा सुनावली ती अशी: त्यांच्या प्रांताच्या सुलतानांची मर्जी असेल तोवर कैद. वर्षं लिहिलेलीच नाहीत. इंग्रजांनी मागे ठेवलेला कायदा, आणि त्यांच्या राणीच्या जागी यांचे सुलतान. अझहर आता एकोणचाळीस वर्षांचा आहे. बावीस वर्षं झाली. तो तुरुंगात शिवणकाम शिकला, मग शिकवायला लागला. त्याला सोडायचं की नाही, यावर एक मंडळ बसतं, सल्ला देतं, पण शेवटचा शब्द सुलतानांचा. दर वर्षी सुलतानांच्या वाढदिवसाला काही जणांना माफी मिळते आणि दर वर्षी माक अर्ज पाठवते.

"यंदा तुरुंगाने स्वतःच त्याच्या बाजूने लिहिलंय," नूराइनी म्हणाली. "वकील म्हणतो, इतकं जवळ आपण कधीच आलो नव्हतो. वाढदिवस तीन आठवड्यांवर आहे. म्हणून आई उमरा करायला, मक्केला जाऊन दुआ मागायला आली आहे."

चौतीस वर्षं मुलांकडून वदवून घेतलेल्या माझ्या वाक्यात हे कुठेच बसत नव्हतं. जन्मठेपेलाही आकडा असतो. एका माणसाच्या मर्जीला आकडा कुठून आणायचा? संध्याकाळी मी माकच्या दारात जाऊन माफी मागितली. तिने मला आत घेतलं आणि केळीच्या पानात वाफवलेला गोड भात खायला घातला.

अल खर्ज

शुक्रवारी सुट्टी. मिलिंदने मोठी गाडी काढली आणि आम्ही सगळे, शेजारच्या दोघींसह, रियाधच्या दक्षिणेला तासाभरावर असलेल्या अल खर्जला गेलो. मला वाळवंटात उंट बघायचे होते. दिसल्या त्या गाई. लांबच लांब छपरांखाली हजारो काळ्या-पांढऱ्या गाई, वर मोठाले पंखे आणि पंख्यांतून पाण्याचा फवारा. बाजूला वाळूत गोल हिरवी शेतं, ताट उपडं ठेवून आखल्यासारखी. मी टँकरच्या रांगेत घागर घेऊन वाढलेली बाई. गाईंना फवाऱ्याखाली आंघोळ करताना बघून मला कौतुक वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इराने फोटो काढले. ताक म्हणून आम्ही सगळ्यांनी एक घट्ट आंबूस पेय प्यायलं. माकला ते आवडलं नाही, तिने सभ्यपणे माझ्या पेल्यात ओतलं.

एका खजुराच्या बागेत सतरंजी पसरून जेवायला बसलो. मी माकची नाराजी पुरती काढायच्या खटपटीत होते, म्हणून मी तिला आमच्या राजाची गोष्ट सांगितली. आमची आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. तिथल्या राजाने स्वातंत्र्य यायच्या आधीच आपला अधिकार आपणहून रयतेच्या हाती दिला होता आणि गावाशेजारी भिंती नसलेला तुरुंग काढायला परवानगी दिली होती. जन्मठेपेचे कैदी तिथे बायकामुलांसह राहतात, शेती करतात, बाजाराला भाजी आणतात. त्यांची पोरं माझ्या वर्गात बसलेली आहेत.

माकने जेवण थांबवून ऐकलं. भिंती नाहीत म्हणजे खरंच नाहीत का, पळून जात नाहीत का, आया भेटायला जाऊ शकतात का, असं एकेक विचारलं. मग विचारलं, तो राजा आता आहे का? मी म्हटलं, नाही, फार पूर्वी वारला, आणि संस्थानही विलीन झालं. आता आमच्याकडे राष्ट्रपती आहेत.

"मग आता तिथल्या आया कुणाकडे जातात?" माकने विचारलं.

मी सांगितलं, अर्ज राष्ट्रपतींकडे जातो, राज्यपालांकडे जातो. दयेचा अधिकार त्यांना आहे, मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. ती म्हणाली, तुम्ही त्यांना कधी पाहिलंय? मी म्हटलं, टीव्हीवर. ती मान हलवत राहिली. तिने सुलतानांना जवळून पाहिलं होतं. एका पुरात ते होडीतून त्यांच्या गावी आले होते, शाळेत आसरा घेतलेल्या लोकांत बसले होते आणि तिच्या हातचा भात त्यांनी खाल्ला होता. अझहर तेव्हा चार वर्षांचा होता आणि त्याने सुलतानांच्या चपलेला हात लावला होता. ज्या माणसाने पोराला एवढंसं पाहिलंय, तो त्याला विसरेल कसा, असं तिचं म्हणणं.

परतताना नूराइनी माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली की तिला हे सगळं पटत नाही आणि सोडवतही नाही. नऊ राजवाडे कशाला, असं तिला तरुणपणी वाटायचं. मग मध्ये तिकडे मंत्री इतके भराभर बदलले, की लोक पुन्हा राजवाड्याकडे बघायला लागले. नव्या पोरांना राजे हवेत की नकोत, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नाही. "आईला तो बापासारखा वाटतो," ती म्हणाली. "मला तो एका सहीसारखा वाटतो. पण ती सही हवी आहे."

जेद्दा

उमऱ्यासाठी त्या दोघी मक्केला जाणार होत्या आणि तिथे मला प्रवेश नाही. तरी जेद्दापर्यंत मी बरोबर गेले, कारण समुद्र बघायचा होता आणि माकने 'चिकगू हवीच' असा हट्ट धरला होता. जुन्या शहरात, बलदमध्ये, मिलिंदच्या ओळखीचे दाऊदभाई होते. मूळचे मुरुडचे. खाली टोप्या, जपमाळा आणि अत्तराचं दुकान, वर दोन खोल्या यात्रेकरूंसाठी. त्यांच्या कोकणी बोलण्याने कान निवले. त्या गल्लीत लाकडी जाळ्यांचे सज्जे असलेली उंच, कललेली घरं. काही नव्याने रंगवलेली, काही टेकूंवर उभी.

पहिल्याच संध्याकाळी मी वाट चुकले. सगळे सज्जे सारखेच. शेवटी एका बंगाली भांडीवाल्याने हिंदीत विचारपूस करून मला दुकानापर्यंत सोडलं. दाऊदभाईंच्या बायकोने, जुबेदाभाबींनी, तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण वाढलं आणि मी आटपाडीची म्हणजे मासे न खाणारी असणार, हे त्यांचं मत मी दोन वाढींत खोडून काढलं.

माक आणि नूराइनी मक्केला गेल्या त्या दिवशी मी दुकानात बसून होते. विषय राजाचा निघाला. दाऊदभाई म्हणाले, "बाई, आमचा आजा नवाबाच्या रयतेतला. जंजिरा संस्थान गेलं तवा तो रडला होता. मी आजीला विचारलं, नवाबानं त्याला दिलं काय? ती बोलली, दिलं काय नाय रे. पण गाऱ्हाणं घेऊन जायला एक दार व्हतं." मग ते थोडा वेळ टोप्यांच्या घड्या घालत राहिले. आता लोक होडीत बसून किल्ला बघायला जातात, एवढंच त्यांनी पुढे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दोघी परत आल्या. माकचा चेहरा उजळला होता. पाय सुजले होते, तरी जिना ती एकटी चढली. तिने काय मागितलं, हे मी विचारलं नव्हतं, पण तिनेच सांगितलं. आधी सुलतानांना दीर्घायुष्य मागितलं, मग अझहरची सुटका. नूराइनी हळूच मला म्हणाली, मी क्रम उलटा ठेवला होता.

त्यानंतरच्या सकाळी मी खाली दुकानात वाटलेले घेवडे आणि मोठ्या परातीएवढी भाकरी असा तिथला नाश्ता करत होते. नूराइनी जिन्यावरून उतरली आणि माझ्यासमोर फोन धरला. तो मजकूर मला वाचता येत नव्हता. फोटो वाचता आला. सुलतान त्या पहाटे वारले होते.

आईला सांगायला माझ्याबरोबर वर चला, असं ती म्हणाली. आम्ही गेलो. माक पलंगावर बसून पायांना तेल लावत होती. नूराइनीने दोन वाक्यांत सांगितलं. माकने तेलाची बाटली बूच लावून बाजूला ठेवली, प्रार्थना पुटपुटली आणि पहिला प्रश्न विचारला, शेवटी जवळ कोण होतं? मुलगा होता, असं कळल्यावर तिला बरं वाटलं. मग तिने आपला रंगीत रुमाल काढून पांढरा डोक्याला बांधला. त्यांच्याकडे राजा गेला की डोक्याला पांढरं लावतात. आणि मग ती रडली. मुलाच्या सुटकेसाठी रडते आहे, असं मला आधी वाटलं. तसं नव्हतं. ज्याने तिच्या हातचा भात खाल्ला होता, त्या माणसासाठी ती रडत होती. मला ते बघवत नव्हतं.

नूराइनी जिन्यात येऊन उभी राहिली. वकिलाचा फोन येऊन गेला होता. मंडळाची बैठक पुढे गेली, कधी होईल कुणी सांगू शकत नाही. वाढदिवसच राहिला नाही.

"मर्जी ज्याची होती तो गेला," ती म्हणाली. "मग आता माझा भाऊ कुणाच्या मर्जीने आत आहे? तुम्ही हे शिकवत होता ना, चिकगू?"

उत्तर मला येत होतं. गादी मरत नाही. माणूस मरतो, त्या क्षणी मर्जी वारसाकडे जाते. मी ते सांगितलं. एवढ्या बरोबर उत्तराची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वकिलाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. या दिवसांत सांत्वनाची जी पत्रं येतात, ती नवे सुलतान स्वतः बघतात. आईने पत्र लिहावं आणि शेवटी अझहरचं नाव व कैदी क्रमांक अशी एकच ओळ घालावी. महिन्यानंतर हेच पत्र दहा टेबलांवरून जाईल आणि कुठे अडकेल सांगता येत नाही. आत्ता ते सरळ डोळ्यांसमोर जाईल.

दुपारी माक पत्र लिहायला बसली. दाऊदभाईंनी जाड पांढरा कागद दिला. तिची पिढी मलय भाषा अरबी लिपीत लिहिते, त्यामुळे दाऊदभाईंना अक्षरं लागत होती आणि अर्थ लागत नव्हता, मला दोन्ही नाही. तिने दोन तास घेतले. एक कागद खराब झाला, तो तिने फाडला नाही, घडी करून कुराणाच्या पिशवीत ठेवला. पत्र पुरं झाल्यावर नूराइनीने ते वाचलं, मला इंग्रजीत सांगितलं आणि आईपुढे परत ठेवलं. त्यात सुलतानांच्या भाताची आठवण होती, बापाविना पोरकं वाटतं याबद्दल चार ओळी होत्या आणि नव्या सुलतानांच्या आईसाठी दुआ होती. अझहरचं नाव कुठेही नव्हतं.

"शेवटी एक ओळ घाल," नूराइनी म्हणाली. "नाव आणि क्रमांक, बस."

"त्याचा बाप गेलाय," माक म्हणाली. "चाळीस दिवस त्याच्या दारात काही मागायचं नाही. चाळीस झाले की दुसरं पत्र लिहीन."

"आणि अझहर?"

"अझहर बावीस वर्षं थांबला. चाळीस दिवस त्याला जड नाहीत."

नूराइनी माझ्याकडे वळली. तुम्ही सांगा, ती म्हणाली, ती शिक्षकाचं ऐकते. माकनेही पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं असतं तर तिने ती ओळ लिहिली असती. हे मला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही ठाऊक आहे.

मी ते सांगितलं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. माफी ही भीक नाही, मर्जीवर माणूस डांबून ठेवणं हाच अन्याय, राजा दुःखात असला तरी राज्याचं दफ्तर बंद होत नाही. हे सगळं मी फळ्यावर लिहून चौतीस वर्षं काढली. पण त्या क्षणी माझ्यातली मास्तरीण गप्प बसली आणि आटपाडीची बाई जागी झाली. आमच्या आळीत कुणाकडे सुतक असलं की तेरावा होईपर्यंत आम्ही त्यांच्याकडे विरजणसुद्धा मागायला जात नाही. मयताच्या घरी जाऊन आपलं काम काढणाऱ्याला आम्ही आयुष्यभर नावं ठेवतो. मला माकचं पटलं. खरोखर पटलं. म्हणून मी म्हटलं, त्यांच्या मनासारखं होऊ द्या.

नूराइनीने पत्र पाकिटात घातलं आणि मला बरोबर न घेता एकटीच टपालात टाकून आली. संध्याकाळी मी समुद्रावर गेले. लोक मुलांना घेऊन आले होते, फुगे होते, कणसं होती. अर्ध्या तासात मी परत फिरले.

आटपाडी

मी परत आले, आणि पुढच्या आठवड्यात माकही आपल्या गावी गेली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिने रोज एक खूण करायला घेतली आहे, असं नूराइनी कळवायची. मीही माझ्या दिनदर्शिकेत चाळिसाव्या दिवसावर गोल केला होता. तेहतिसाव्या दिवशी सकाळच्या नमाजानंतर माक तिथेच चटईवर आडवी झाली आणि उठली नाही. त्यांच्यात त्याच दिवशी दफन करतात. नूराइनी रियाधहून निघून पोहोचली, तेव्हा माती होऊन गेली होती. अझहरला तुरुंगात कळवण्यात आलं.

घर आवरताना नूराइनीला दारातल्या टपालात राजवाड्याची मोहर असलेलं पाकीट मिळालं. माकच्या नावाचं. नव्या सुलतानांनी सांत्वनाबद्दल आभार मानले होते, वडिलांची पुरातली आठवण वाचून मन भरून आलं असं लिहिलं होतं आणि तिला दीर्घायुष्य चिंतलं होतं. खाली त्यांनी स्वतः सही केली होती. पत्र त्यांनी वाचलं होतं, अगदी वकील म्हणाला होता तसं. त्यात अझहरविषयी काही नव्हतं, कारण आम्ही काही विचारलंच नव्हतं.

नूराइनीने मला फोन केला तेव्हा ती त्या पाकिटासमोर बसली होती. रडून झालं होतं. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर मला सोपं गेलं असतं. मीच म्हटलं की माझं चुकलं, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, आईला हवं होतं तेच तुम्ही केलंत. मग तिने विचारलं, "आता सुतक आमच्या घरात आहे. मीही चाळीस दिवस थांबू का? आईला तेच आवडलं असतं."

मी म्हटलं, "थांबू नका. आजच लिहा. आत्ता, माझा फोन ठेवल्यावर."

तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या पत्राचा फोटो मला पाठवला. आईचं अक्षर गोल होतं, हिचं घाईचं, नर्सचं. उत्तर अजून आलेलं नाही. मी तिला विचारलं, अझहरचं नाव आणि क्रमांक अगदी वरच घातलंत ना, पहिल्याच ओळीत? ती म्हणाली, नाही, ते दुसऱ्या ओळीत आहे. पहिल्या ओळीत तिने आईच्या वतीने, अर्ज पाठवायला उशीर झाल्याबद्दल सुलतानांची माफी मागितली होती.